ठिपका वळला तेव्हा

रत्नागिरी,
४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
धनराजचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तोंडातून शब्द फुटला नसता म्हणून कागद घेतला. एकट्यानं शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारायला निघालेला तुझा भाऊ सुरुवातीलाच परत आलाय. इथल्या एका लॉजवर तोंड लपवून बसलाय.

वादळात सापडलो असतो तर बरं झालं असतं गं. विषुववृत्ताजवळ वारा पडला, समुद्र परातीतल्या पाण्यासारखा गप्प, चहूकडे कुणी नाही. बासष्ट वर्षांचा घोडा मी, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरशेजारी उभा जन्म काढला, आणि एकटेपणाला भ्यालो. चहाच्या कपाशी बोलायला लागलो. वारा सुटल्यावर पुढं जायचं सोडून बोट घराकडं वळवली. निरोप समारंभात फेटा बांधून, समुद्र म्हणजे जरा मोठं गंगापूर धरणच, असं मीच बरळलो होतो. आठवलं की कानशिलं तापतात.

एवढंच कर. कॉलनीत सांग की डोलकाठी मोडली. तेवढी माझी लाज राख.

माया आटू देऊ नकोस.
तुझा,
धना


नाशिक,
९ डिसेंबर २०२४

चि. धनास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अरे येड्या, डोलकाठी मोडलेली बोट इतकी भरधाव घरी येते होय? बोटीचा ठिपका रोज मोबाइलच्या नकाशावर बघा, असं तूच सगळ्यांना बजावून गेलास ना? सगळी कॉलनी बघत होती. तो वळलेलाही बघितला. हसले काही जण, खोटं कशाला सांगू. कोपऱ्यावरची फुलवाली अंबूबाई मात्र म्हणाली की दादा येतील त्या दिवशी शेवंतीचा हार तिच्याकडून.

मला लाज वाटते ती वेगळीच. निरोपाला सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या, आणि घरी येऊन देवाला म्हटलं, हा अर्ध्यातून माघारी येऊ दे. ठिपका वळला तेव्हा मी पेढे वाटले रे. तू तिकडं रडत असशील हे मनातसुद्धा आलं नाही.

खोटं मी सांगणार नाही. भाकरतुकडा ओवाळायला दारात उभी राहीन.

वाट बघणारी,
छायाताई


रत्नागिरी,
१४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न.

मंगळवारी, चोवीस तारखेला येतो. डोलकाठी शाबूत आहे, विचारील त्याला तसंच सांगेन. मान वर होणार नाही, पण येतो.

पेढ्यांचं वाचून आधी राग आला, मग रडू आलं. एखादा उरला असेल तर माझ्यासाठी ठेव.

तुझाच,
धना