उलटा धरलेला कॅमेरा

३ फेब्रुवारी

पुन्हा तोच विषय. थोरलीचा फोन – "आई, बाबांना नवा कॅमेरा घेऊन देते. त्या डबड्याला आता सुट्टी द्या." मी म्हटलं, बघू. "बघू बघू करत वर्ष घालवलंस!" लेक बापावर गेली आहे. एकदा डोक्यात घेतलं की सोडायचं नाही.

हे समोरच बसले होते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कॅमेरा मांडीत धरून डाव्या हाताने काच पुसत राहिले.

५ फेब्रुवारी

मीच कॅमेरा घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने उघडला, फुंकर मारली, बंद केला. स्टँडवर लावून भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला. बारीकातलं बारीक अक्षरही लख्ख. "वहिनी, ह्याला धाड भरलेली नाही. आपल्याला पुरून उरेल."

मग फोटो हलतात कशाने, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. चहा मात्र आग्रहाने पाजला.

घरी आले तर हे स्टुडिओच्या दारातच उभे. "काय म्हणाला?"

"जुना झालाय म्हणाला. आता ह्याचे भाग मिळत नाहीत." मी बोलून गेले.

चेहरा केवढा हलका झाला ह्यांचा! "मी म्हणत नव्हतो?"

६ फेब्रुवारी

कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून इथे लिहिते.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा ह्यांचा उजवा हात गेला तो गेलाच. पाय आला, बोलणं आलं, हात नाही. आणि कॅमेऱ्याचं बटण उजवीकडे. पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. मग एक दिवस उठले, कॅमेरा डाव्या हातात उलटा धरला – वरचं खाली. बटण आपसूक डाव्या बोटाखाली आलं. फोटो उलटे येतात, ते मी कॉम्प्युटरवर सुलटे करते. लहान मुलं उलटा कॅमेरा बघून खुदकन हसतात आणि हे नेमके तेव्हाच बटण दाबतात. "आधी खुळखुळा वाजवावा लागायचा. आता मी नुसता उभा राहिलो तरी काम होतं."

पण तो डावा हातही थरथरतो. फोटो हलतो. गिऱ्हाइकाला देण्याजोगा क्वचितच निघतो.

म्हणून मी दिवा धरायच्या निमित्ताने ह्यांच्या उजव्या अंगाला, जरा मागे उभी राहते आणि ह्यांच्याबरोबरच मोबाइलवर फोटो काढते. गिऱ्हाइकाला जातो तो माझा. ह्यांना वाटतं, आपलाच. मान वाकडी करून बघतात, "बरा आलाय," म्हणतात. मला तिथे उभं राहवत नाही.

जुना कॅमेरा आहे म्हणून निभावतंय. एखादा हललेला फोटो ह्यांच्या नजरेला पडलाच तर खापर फोडायला तो आहे. नवा आणला आणि त्यातही हललं, तर खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं? नको तो नवा.

११ फेब्रुवारी

थोरली न सांगता आली. जेवताना विषय काढलाच. "नवे कॅमेरे हात हलला तरी सांभाळून घेतात, बाबा."

ह्यांचा घास तसाच राहिला. "हात कुणाचा हलतो?"

मीच घाईने म्हटलं, "हात नाही गं. कॅमेरा खिळखिळा झालाय." थोरली माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलताना हल्ली आवंढासुद्धा गिळावा लागत नाही मला. ह्याचीच भीती वाटते.

१२ फेब्रुवारी

हे दिवसभर स्टुडिओत कॅमेऱ्याची काच पुसत बसले.

१४ फेब्रुवारी

निवृत्त झालेल्या एक शिक्षिकाबाई सगळं कुटुंब घेऊन आल्या. मुलं, सुना, नातवंडं – स्टुडिओत पाय ठेवायला जागा नाही. ह्यांनी प्रत्येकाला हलवून बसवलं, कुणाची हनुवटी वर, कुणाचा खांदा आत. जुना रुबाब! कॅमेरा उलटा केला, नातवंडं हसली, आणि माझ्या हातातून मोबाइल निसटून खाली पडला. केवढा आवाज झाला.

ह्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "जरा थांबा मंडळी, दिव्याचं नीट होऊ दे," म्हणाले आणि बाईंना शाळेतल्या गमती विचारत बसले. मी मोबाइल उचलला, पुसला, जागेवर आले. मगच म्हणाले, "हं. आता बघा इकडे."

दिवा तर चालूच होता.

१७ फेब्रुवारी

सकाळी ह्यांनी स्वतः थोरलीला फोन केला. "घेऊन ये तो नवा." मी हातातलं काम टाकून आले. मला कॉम्प्युटरपाशी बसवलं. समोर शिक्षिकाबाईंचा फोटो.

"काय दिसतंय?"

"छान आलाय."

"सगळे डावीकडे बघतायत." बोट एकेका चेहऱ्यावरून फिरवलं. "ह्यातच नाही. आपण दिलेल्या सगळ्या फोटोंत. मी तिकडे उभा असतो ना."

मला रडू फुटलं. किती दिवसांपासून माहीत आहे, हे विचारायचं धाडस झालं नाही.

"नवा तुझ्या हाताला बसेल असा आणायला सांगितलाय," हे म्हणाले. "तू मधे उभी राहा. मी बरोबर तुझ्या मागे, डोक्यावरून माझं डबडं उलटं धरीन. माणसांची नजर तरी सरळ येऊ दे."

२१ फेब्रुवारी

नव्या कॅमेऱ्यावर माझा पहिला फोटो. सगळ्यांची नजर सरळ. फोटो मात्र पार हललेला.

ह्यांनी मान वाकडी करून बराच वेळ बघितला. म्हणाले, "कॅमेऱ्याचाच दोष असणार."