टू-सेव्हन्टीने न पडलेला मेंढा

मी, आर्ने हॉगस्टॅड, वय एक्क्याऐंशी, धंदा बंदुका विकणे व दुरुस्त करणे, राहणार ग्रेलिंग लँडिंग, यूकॉन, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल व्हाइटहॉर्सच्या डॉक्टरांचे मत तितके चांगले नाही, म्हणून ही घाई. मजवर कोणाचेही दडपण नाही. कोणी आणले असते तर हे तेहतीस वर्षांपूर्वीच लिहून झाले असते.

१. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. गेल्या एप्रिलमध्ये लिहून पाकिटात बंद केलेलेही रद्द. त्याचे कारण कलम सहामध्ये दिले आहे.

२. घर, ट्रक आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी सिग्ने हिला. चुलीचे दार बंद करताना कडी थोडी वर उचलावी लागते, हे तिला माहीत आहे. घर विकलेच तर घेणाऱ्याला सांगावे. तिच्या आईचे, म्हणजे मार्थाचे, शिवणयंत्र मात्र विकू नये.

३. दुकानातली लेथ आणि हत्यारे शेजारी वॉल्ट प्रिंगल यास. वस्तू आवळून धरणारा मोठा व्हाइस त्याने २००४ साली एका आठवड्यासाठी म्हणून नेला आणि आता तो आपलाच असल्याचे सांगतो. तोही त्याला दिला, म्हणजे त्याच्या दुकानातली एक तरी वस्तू हक्काची होईल. हे वाक्य लिहिताना मला मजा वाटली होती. पाचवे कलम लिहून झाल्यावर ते खोडायला आलो, पण राहू दिले. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून मिरवणाऱ्याला बोल लावणारा मी कोण, हे वॉल्टलाही कळू दे.

४. माझी टू-सेव्हन्टी रायफल सिग्नेला. कॅरिबू हरणे आणि डोंगरी मेंढ्यासाठी चांगली आहे. तिच्याबद्दल गावात जी गोष्ट सांगतात ती सिग्नेने कोणालाही सांगू नये. ती खोटी आहे.

५. दुकानात गल्ल्याच्या वर पांढऱ्या डोंगरी मेंढ्याची जी शिंगे टांगली आहेत, दहा वर्षांच्या दहा वळ्या असलेली, ती मी या मृत्युपत्राने कोणालाही देत नाही. ती माझी नाहीत. ती इलायस चार्ली याची आहेत. इलायस हा मार्थाचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, आणि चौदा वर्षे डोंगरातला माझा जोडीदार.

कोणती बंदूक मेंढ्याला योग्य, यावर आमचे भांडण पहिल्या मोसमापासून होते. बंदुकीच्या नावातला आकडा म्हणजे इंचाच्या भागांत गोळीची जाडी. माझ्या टू-सेव्हन्टीची गोळी सात मिलिमीटरची, हलकी आणि वेगवान. त्याच्या थर्टी-ओ-सिक्सची पावणेआठच्या वर, जड. दुकानातल्या शेगडीभोवती सगळे गाव हे भांडण ऐकायला बसत असे.

"तुझी टू-सेव्हन्टी म्हणजे शिवायची सुई आहे रे," इलायस म्हणायचा.

"आणि तुझी ती तोफ डोंगरावर न्यायला गाढव लागतं," मी म्हणायचो.

"मग? आणतोच की दर वर्षी बरोबर," असे म्हणून तो माझ्याकडे बघायचा आणि लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो, पण मला ते लागायचे. मी दुकानदार होतो. कपाटात माझ्या टू-सेव्हन्टी होत्या, आणि लोक ऐकायचे त्याचे.

१९८६ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे मेंढा मारायला गेलो. चौथ्या दिवशी दुपारी घळीपलीकडच्या कड्यावर तो दिसला. अंतर साडेतीनशे मीटर, वारा उजवीकडून. आम्ही लहान-मोठ्या काड्या ओढल्या आणि पहिली गोळी इलायसच्या वाट्याला आली. आमच्या डोंगरात रिवाज असा, की ज्याच्या गोळीने पहिले रक्त निघाले त्याची शिंगे. मांस मात्र अर्धे-अर्धे.

इलायसने गोळी झाडली. मेंढा हललासुद्धा नाही. तसाच उभा, मान वर करून.

"गेली वरून!" मी ओरडलो. मला आनंद झाला होता, तो आनंद अजून आठवतो. मी नेम धरून झाडली. मेंढा दोन पावले चालला आणि कोसळला.

इलायस खाली ठेवलेले सामान आणायला गेला आणि मी घळ ओलांडून आधी पोचलो. मेंढ्याच्या अंगावर भोक एकच होते, शेवटच्या बरगडीमागे. गोळी तिरकी शिरून पलीकडच्या खांद्याच्या कातडीखाली अडकली होती. मी ती सुरीने काढली. शिकारी गोळीचे तोंड आत गेल्यावर फुलते, पण बुडाचा घेर जसाच्या तसा राहतो. तो घेर मला नुसत्या बोटांनी कळला. चाळीस वर्षे लाकूड हाताळणाऱ्याला फळीची जाडी कळते तशी. छातीत जड गोळी लागलेला मेंढा कधी कधी काही क्षण असा उभा राहतो. हेही मला ठाऊक होते.

इलायस धापा टाकत वर आला. "कुठे लागली?"

मी गोळी तंबाखूच्या डबीत टाकली होती. "एकच भोक आहे," मी म्हणालो, आणि हे खरे होते. मग म्हणालो, "माझं."

त्याने मेंढ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "घे बाबा. सुईने शिवलंस."

घरी आल्यावर गोळीचे बूड व्हर्नियरने दोनदा मापले. दोनदा पावणेआठच्या वर भरले. तरी शिंगे मी टांगली.

इथेच थांबलो असतो तरी आज जरा कमी लाज वाटली असती. पण दुकानात लोकांनी गोष्ट पुन्हा पुन्हा मागितली आणि मी ती दर वेळी जास्त रंगवली. इलायसला 'ढगमार' हे नाव मी ठेवले. लहान पोरेही त्याला त्या नावाने हाक मारू लागली. माझ्या टू-सेव्हन्टी खपू लागल्या.

त्या हिवाळ्यात इलायस त्याची थर्टी-ओ-सिक्स घेऊन दुकानात आला. ती त्याच्या वडिलांची. "बंदुकीवरची दुर्बीण सरकली असेल रे," तो म्हणाला. "जरा तपासून दे." मी ती मागच्या मोकळ्या रानात नेली, दोनशे मीटरवर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही चहाच्या कपाच्या तोंडात मावतील इतक्या जवळ बसल्या. मी आत येऊन त्याला खरे तेच सांगितले: "बंदुकीत काही दोष नाही." आयुष्यात मी खूप खोटे बोललो, पण ह्या एका खऱ्या वाक्याची जितकी लाज वाटते तितकी कशाचीच वाटत नाही.

मग वडिलांची बंदूक माझ्याकडे ठेवून त्याने बदल्यात टू-सेव्हन्टी नेली. तिच्याशी त्याचे कधी जमले नाही. दोन मोसम तो माझ्याबरोबर आला, पहिली गोळी वाट्याला आली की म्हणायचा, "तूच मार." तिसऱ्या वर्षी आला नाही. मग रस्त्याचे बर्फ काढणाऱ्या यंत्रावर लागला, आणि पुन्हा कधी डोंगरात गेला नाही. या खोऱ्यात कड्यावरचा मेंढा त्याच्यासारखा कोणाला दिसत नसे.

मार्था दुकानातली प्रत्येक वस्तू पुसायची. ती शिंगे तिने एकदाही पुसली नाहीत. तिने डबी उघडून पाहिली होती का, हे मी तिला विचारले नाही. ती जाऊन नऊ वर्षे झाली.

कोणती बंदूक घेऊ, असे मला विचारायला येणाऱ्यांसाठी हेही इथेच लिहितो, कारण माझ्या शब्दावर अर्ध्या गावाने बंदुका घेतल्या. मेंढा, हरीण, कॅरिबू, यांना दोन्ही चालतात. टू-सेव्हन्टी खांद्याला कमी धक्का देते. वाऱ्यात आणि तिरक्या नेमाला थर्टी-ओ-सिक्सची गोळी जास्त भरवशाची. इलायस बरोबर होता. जी घेऊन दिवसभर चढता येईल आणि जिचा सराव असेल ती घ्यावी. माझ्या भिंतीवरची शिंगे पाहून घेऊ नये.

६. एप्रिलच्या मृत्युपत्रात मी शिंगे, गोळी आणि इलायसच्या वडिलांची बंदूक त्याच्या नावे केली होती. सगळे कबूल केले होते आणि पाकीट बंद केले होते. वाचले जाईल तेव्हा मी खोलीत नसेन, असा हिशेब होता. पोस्टातली डोरीन टेलर साक्षीदार व्हायला तयार झाली. दुसरा साक्षीदार म्हणून मी इलायसचे नाव घेतले, तर ती म्हणाली, "त्याला काही ठेवलं असशील तर त्याची साक्ष चालत नाही, आर्ने. ठेवलंयस का काही?"

"ठेवलंय."

"मग दुसरा कोणी शोध. का, त्यालाच देऊन टाक की आत्ता. समोरच तर राहतो तो."

ती सहज बोलून गेली आणि चिठ्ठ्या लावायला लागली. मी घरी आलो आणि पाच महिने काही केले नाही. मेल्यावर कबुली द्यायची म्हणजे पुन्हा त्याला सामान आणायला खाली पाठवून आपण पुढे जाण्यासारखेच होते, हे कळायला मला पाच महिने लागले.

म्हणून या मृत्युपत्राने इलायसला काहीही मिळत नाही. जे त्याचेच आहे ते मी ठेवून जाऊ शकत नाही.

७. गुरुवारी दुपारी इलायस आणि डोरीन माझ्याकडे आले. कॉफी ओतली आणि कलम पाच मी मोठ्याने वाचले.

"परत वाच," इलायस म्हणाला. मी परत वाचले.

"गोळी कुठंय?"

मी डबी पुढे सरकवली, व्हर्नियरही. व्हर्नियरला त्याने हात लावला नाही. फळीवरचे थर्टी-ओ-सिक्सचे रिकामे काडतूस उचलून त्याने गोळीचे बूड काडतुसाच्या तोंडात दाबले. ते नेमके बसले.

"त्या वर्षी मी डोळे तपासून घेतले," तो डोरीनकडे बघून म्हणाला. "डॉक्टर म्हणाला, नजर एकदम उत्तम. मला वाटलं, मग हात गेला असणार. तेहतीस वर्षं मी या हाताला शिव्या दिल्या गं."

"इलायस, मला..." मी सुरुवात केली.

"गप बस." कॉफी त्याने घेतली नाही. वडिलांची बंदूक उचलली, बोल्ट मागे ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि दाराशी गेला.

"शिंगं?" मी विचारले.

"असू देत तिथंच. दुकानात येईल त्या प्रत्येकाला तू सांगायचं. तुझ्या तोंडाने. जोवर आहेस तोवर." मग म्हणाला, "सहीला शनिवारी येतो."

शुक्रवारी दुकानात चार गिऱ्हाइके आली. चौघांना सांगितले. चौथा वॉल्ट होता. तो हसला नाही, हसला असता तर बरे झाले असते.

८. माझ्या अंत्यविधीला कोणी शिकारीची गोष्ट सांगू नये. माझ्यानंतर शिंगे उतरवून इलायसच्या घरी पोचवण्याचे काम सिग्नेचे. जाताना ती पुसून न्यावीत.

वरील सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून, समजून सही केली.

ठिकाण: ग्रेलिंग लँडिंग, यूकॉन
दिनांक: १४ सप्टेंबर २०१९, शनिवार, सकाळी अकरा

सही: आर्ने हॉगस्टॅड

साक्षीदार पहिली: डोरीन टेलर, पोस्ट कार्यालय

साक्षीदार दुसरा: इलायस चार्ली
(सहीखाली साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेले:)
माफ केल्याची ही सही नाही. हा माणूस आज पूर्ण शुद्धीवर आहे, एवढीच माझी साक्ष. त्या दिवशीही होता.