कड्यावर उभा असलेला भाई

प्रिय भाई,

आज भाभीचं पत्र आलं, म्हणून लिहितो आहे. तीनच ओळी. "तू फोटोवाला ना? ह्यांचा एखादा फोटो पाठव. धाकटीला बाप कसा होता ते दाखवायचंय." पासपोर्टावरचा एक होता, तो तू गेल्यावर पासपोर्टाबरोबर वकिलातीच्या कचेरीत जमा झाला.

पत्र हातात घेऊन स्टुडिओत बसून राहिलो. इथे कुवेतमध्ये आपण नऊ वर्षं एका खोलीत काढली, आणि माझ्या भिंतीवर तुझा एकही फोटो नाही!

आठवतं ना? शुक्रवारची नमाज झाली की तू गाडी काढायचास. जहरा गाव मागे टाकून थेट उत्तरेच्या कड्यावर. खाली करड्या घळी, पलीकडे खाडीचं पाणी. एवढा मुलूख एका फोटोत मावत नसे. कॅमेरा थोडा थोडा वळवून मी तीन फोटो घ्यायचो आणि मग ते जोडायचो. पण तिथले दगड सगळे सारखे. एक फोटो कुठे संपला, दुसरा कुठे लावायचा, कळत नसे. म्हणून खुणेसाठी तुला सांध्याच्या जागी उभं करायचो.

"हलू नकोस हां!"

"अरे, मी काय बंदरावरचा खांब आहे? होड्या बांधशील मला!"

फोटो जोडला की बारीक ब्रशने तुला पुसून टाकायचो. गिऱ्हाइकांना भिंतीवर नुसता मुलूख हवा असे. करड्या रंगाचे चार फटकारे, की तू नाहीस. तुला ते ठाऊक होतं. "आज किती वेळा मारलंस मला?" म्हणून हसायचास.

एकदाच म्हणालास, "माझा एक काढ ना जवळून. घरी पाठवू."

मी म्हणालो, "फिल्म संपत आलीय. पुढच्या शुक्रवारी."

हट्ट का धरला नाहीस? थोरला होतास. एक कानाखाली द्यायची होतीस! पुढच्या शुक्रवारी तू तापात होतास. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तुला इथल्याच मातीत ठेवून आलो.

आज सगळ्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. ब्रश फिरला तो कागदावर. निगेटिव्हमध्ये तू आहेस, प्रत्येकीत, नखाएवढा. पण वाळू उडते म्हणून तोंडाला रुमाल. सगळीकडे रुमाल!

अगदी तळाशी एक सापडली. ऐन वेळी तुझा रुमाल घसरला, तू हललास, आणि मी तुझ्यावर ओरडलो होतो. ती बाद म्हणून तळाशी टाकली होती.

मोठी करून पाहिली. धूसर आहे, पण तूच आहेस. तोंड उघडं. "झालं का रे?" असं विचारतो आहेस.

ही भाभीकडे जाईल. आणि तुला शब्द देतो. कड्याचे ते सगळे फोटो मी पुन्हा छापीन, पुन्हा जोडीन. सांध्यावर तू राहशील. ब्रश धुऊन ठेवला आहे.

झालं नाही, भाई. अजून थोडा वेळ तसाच उभा राहा.

तुझा,
यूसुफ