न बघता सांगितलेला आकडा

आप्पा, मी सध्या सूर्याचे फोटो तपासायचं काम करते. आपला एक उपग्रह पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सतत सूर्याकडे बघत असतो. तिथे त्याच्या आड ढग येत नाहीत, रात्रही नाही. सूर्यावर स्फोट झाला की कुठे आणि किती वाजता उजळलं, ते आम्ही फोटो बघून तक्त्यात लिहितो. अशाच एका स्फोटात दिसलं, की खालच्या थरात जिथे उजळलं, नेमकं त्याच्याच वरचं वातावरण तापलं. असं होत असणार हा अंदाज जुना होता, पण आता ते बघायला मिळालं. तुम्हाला हे समजावून सांगावं लागलं नसतं. शाळेच्या आधीची माझी शाळा तुमच्या फौंड्रीतच भरली. साच्याच्या काळ्या वाळूत बोटाने आकडे गिरवले, आणि निळ्या काचेतून भट्टीत बघत तेज ओळखायला शिकले.

त्या दिवशी मी नऊ वर्षांची. मे महिन्याची सुट्टी आहे, तुमचा डबा घेऊन आलेय. तुम्ही मीटरला जोडलेली, उष्णता मोजायची दांडी लोखंडाच्या रसात बुडवता आणि मला विचारता, “तेज जरा कमी वाटतंय. किती दाखवतंय गं?” मी काचेतून भट्टीतच बघत बसलेली. मीटरकडे मान वळवलीच नाही. मघाचा आकडा लक्षात होता, तोच सांगितला. तुम्ही पुन्हा एकदा रसाकडे बघितलंत. मग म्हणालात, “व्हय? मग ओता.”

रस थंड होता. साचे अर्धेमुर्धेच भरले, सगळा माल बाद झाला. मालक सगळ्यांसमोर ओरडले, “पोरगीला मीटर बघाय लावलास व्हय रं? भट्टी हाय का बालवाडी?” तुम्ही म्हणालात, “पोरीनं बरोबरच वाचलंय की. मशीन खोटं हाय.” मशीन तपासलं, ते चांगलं निघालं. तरी तुम्ही शब्द फिरवला नाहीत. तुम्हाला भट्टीवरून काढून माल घासायला बसवलं, आणि शेवटपर्यंत तुम्ही तिथेच राहिलात. घरी मला एकदाही काही विचारलं नाहीत. विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं असं मला वाटतं. खात्री नाही.

गेल्या आठवड्यात तक्ता पुन्हा तपासताना दिसलं, की एका ओळीत मी फोटो न उघडताच वरच्या ओळीतली वेळ उतरवलीय. संध्याकाळी आमच्या गटाच्या प्रमुख मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस. बदलून टाक.” दोन मिनिटांत बदललं. एवढंच असतं, आप्पा.

म्हणून रजा टाकून घरी आले, आईला सगळं सांगायला. आज तिसरा दिवस. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, हे कुठे पाठवायचं नाही. मघाशी शेजारच्या काकू आल्या होत्या, आणि आईने पुन्हा तेच काढलं, “त्या मशीननं आमच्या ह्यांचा घात केला बघा. तपासणारा बी मालकाचाच माणूस!” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू हुतीस की तिथं. मशीनच खोटं हुतं का न्हाय?”

मी व्हय म्हणाले.