ग्लासाच्या कडेचं मीठ

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

दहावीच्या वर्षी मधल्या सुट्टीत प्रतिभा आणि मी कॉन्व्हेंटच्या मागच्या भिंतीवर बसायचो. तिच्या खिशात लिंबू, माझ्या कंपासपेटीत कागदाच्या पुडीत मीठ. लिंबाला कर्कटकाचं टोक मारायचं, मग हातानं फाडायचं. अर्धं तिचं, अर्धं माझं. मीठ लावून चोखायचं आणि एकमेकींकडे बघत राहायचं. जिचे डोळे आधी मिटतील ती हरली. मी नेहमी हरायचे. एकदा सिस्टर बेनेडिक्टा मागून आल्या आणि म्हणाल्या, गर्ल्स, युवर टीथ. त्या भिंतीवर याहून जास्त काही घडलं नाही. तरी आज सकाळपासून तेच आठवतंय, कारण प्रतिभाचा मेसेज आलाय.

प्रतिभा पस्तीस वर्षं ह्यूस्टनला आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं एका ग्लासाचा फोटो पाठवला होता. कडेला मीठ, आत लिंबाचा रस. लिहिलं होतं, आपलं भिंतीवरचं लिंबू इथे ग्लासात देतात, मार्गारिटा म्हणतात. मी उत्तर दिलं, माहितेय, मी दर शनिवारी करते. माझा नवरा रंगनाथ स्ट्रोकनंतर हॉस्पिटलमधून घरी आला, तो आठवडा होता. तसं का लिहिलं कोण जाणे. खोटं नव्हतं ते. करायचा विचार होता.

आता ती लिहिते: रविवारी १९ तारखेला चार वाजता येते. शैलू, दोन वर्षं तू मजेत आहे, मजेत आहे म्हणतेस. मजेत असशील तर तुझी मार्गारिटा माझ्या हातात दे, मी पुन्हा विचारणार नाही. नसशील तर बॅग भर. वर्गातल्या आम्ही सगळ्या दोन दिवस गंगापूर धरणाजवळच्या रिसॉर्टवर राहणार आहोत. तुला घेऊन जाणार.

मी अंगठा पाठवला. सोळा दिवस आहेत. भरपूर झाले.

मी जाणार नाहीच. अडकलेय वगैरे काही नाही. मला रिसॉर्ट आवडत नाहीत.

४ जानेवारी, शनिवार

प्लॅन. चारच गोष्टी लागतात: टकीला, संत्र्याची लिकर, ताज्या लिंबाचा रस, ग्लासाच्या कडेला मीठ. व्हिडिओतला मुलगा चाळीस सेकंदांत करतो. मी एकटीनं पंचवीस माणसांच्या पुरणपोळ्या केल्या आहेत. दोन दिवसांत हात बसेल. उरलेले दिवस वाचन.

बहिणीचा महेश विंचूरला वायनरीत आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, मावशी, टकीला? तू बरी आहेस ना? म्हटलं, केकसाठी हवीय.

५ जानेवारी, रविवार

महेश आला. पिशवीत वर पाच किलो कांदे, खाली पेपरात गुंडाळलेली बाटली. रंगनाथ समोर खुर्चीत होता म्हणून महेशनं नुसती भुवई उडवली. उघडून पाहिलं तर व्हाइट वाइन. म्हणतो, टकीलाचं काय घेऊन बसलीस मावशी, ही आमच्याकडची आहे, केकात सोन्यासारखी लागेल. समजावून परत पाठवलं. कांदे ठेवून घेतले.

सराव झाला नाही. माझा दोष नाही.

७ जानेवारी, मंगळवार

टकीला आली. बरोबर आणखी पाच किलो कांदे. बाटली तांदळाच्या डब्यात.

संत्र्याची लिकर मिळाली नाही. पण रंगनाथच्या संत्रा ओआरएसची खोकंभर पाकिटं आहेत. त्यात संत्रंही आहे, मीठही आहे. हे व्हिडिओवाल्याला सुचलं नसतं.

शेकर म्हणून रंगनाथचा प्रोटीन पावडरचा डबा घेतला. हलवताना झाकण उडालं. पडदा, कॅलेंडर आणि रंगनाथचा डावा खांदा. त्यानं खांद्यावर बोट फिरवून चाटलं आणि म्हणाला, मीठ. स्ट्रोकनंतर तो एका वेळी एकच शब्द बोलतो, तोही विचार करून. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं मीटर वाचलेला माणूस. मी ते प्रोत्साहन समजले.

८ जानेवारी, बुधवार

आज फक्त कडेचा सराव. ताटलीत मीठ पसरलं, अर्ध्या लिंबानं ग्लासाची कड ओली केली, ग्लास पालथा घालून मिठात गोल फिरवला. मग रंगनाथच्या तोंडासमोर धरून बघत होते, कारण उजेड त्याच्याच खिडकीतून येतो. एका हातात लिंबू, ताटलीत मीठ.

सविता दारात येऊन कधी उभी राहिली कळलंच नाही. रंगनाथचं करायला ती सकाळी आठ ते बारा असते. तिनं चपला बाहेर काढल्या आणि चक्क हात जोडले. म्हणाली, काकू, काकांची दृष्ट काढता व्हय? मी मनात म्हनतच होते, लय आधी काढायला पायजे होती.

दारू करतेय असं सांगता येईना. हो म्हटलं.

१० जानेवारी, शुक्रवार

फिजिओथेरपिस्ट म्हणाला, काकांचा हात दोन इंच जास्त उचलला जातोय. व्यायामानं. सवितानं मात्र अख्ख्या बिल्डिंगला वेगळं कारण सांगितलंय.

सविता असतानाच दुसऱ्या मजल्यावरची मोहिनी नातवाला घेऊन आली. तो रोज संध्याकाळी सात ते नऊ रडतो. म्हणाली, शैलजाताई, तुम्ही कॉन्व्हेंटच्या, म्हणून आजवर विचारलं नाही हो. तुम्हालाही हे येतं म्हणजे कमालच. मी समजावून सांगणार होते. पण तिची सून पूजा सटाण्याची, आणि तिनं माहेरच्या शेतातली लिंबं आणली होती. पातळ सालीची, हातात घेतली तरी वास. प्रॅक्टिसला उत्तम.

मग मुलावरून एक लिंबू तीनदा उतरवलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि झोपला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण झोपला.

उतरवलेलं लिंबू तिठ्यावर टाकायचं असतं. सविता हात लावायला तयार नाही. मला खाली जाता येत नाही, म्हणजे जावंसं वाटत नाही. तीन मजले, लिफ्ट बंद, रंगनाथ एकटा. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या कप्प्यात ठेवलं.

१२ जानेवारी, रविवार

आज पाच बायका. एकीचा नवरा बोलत नाही, एकीची मुलगी फार बोलते. सगळ्या लिंबं आणतात. कप्प्यात आता सहा उतरवलेली. अंडी खालच्या कप्प्यात हलवली.

चौथा प्रयत्न. लिंबू जास्त पिळलं गेलं, साल उतरली, कडू झालं. थोडा फरक करायचा आहे, बाकी जमत आलंय.

माळ्यावरची बॅग सवितानं खाली काढून दिली. डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून. रिकामी बॅग बसकी दिसते, तर आत दोन साड्या ठेवल्या. निळी आणि ती पिस्ता रंगाची.

१४ जानेवारी, संक्रांत

गच्चीवर पतंगांचा गोंधळ. तिळगूळ घ्यायला आलेल्या बायका लिंबू ठेवून गेल्या. कप्प्यात अकरा.

पाचवा प्रयत्न. मिठाची कड फार जाड झाली. ओठ हुळहुळले.

सवितानं येताना माझ्यासाठी चप्पल आणली, मागे पट्टा असलेली. धरणाजवळ खडकाळ असतं. म्हणजे कुठल्याही धरणाजवळ. चप्पल बॅगेत ठेवली, बाहेर धूळ बसते.

१६ जानेवारी, गुरुवार

सहावा प्रयत्न. प्रामाणिकपणे लिहायचं तर गोड, खारट आणि रागीट. हॉस्पिटलात कोणीतरी पार्टी केल्यासारखी चव. ओआरएस संपलं.

ठरवलं. रविवारपर्यंत नाही जमली तर प्रतिभाला सरळ सांगायचं, नाही येत मला. आकाश कोसळत नाही. हे ठरवल्यावर चार घास जास्त जेवले. रंगनाथनं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

नवा टूथब्रश आणि छोटी टॉर्च बॅगेत टाकली. बाथरूममध्ये जागा नाही.

१८ जानेवारी, शनिवार

सराव नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडू नये असं सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या.

रंगनाथच्या गोळ्यांचं वेळापत्रक मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलं. असावं घरात. सविता वाचत उभी राहिली. म्हणाली, काकू, कुठं जाता का? म्हटलं, छे. ती म्हणाली, जावा की. दोन दिवस मी झोपंन हितं. काका मला काय नवीन नाय. दोन वरसं तुमी खालच्या वाण्यापर्यंत बी गेला नाय.

म्हटलं, वाणी फोनवर सामान पाठवतो.

१९ जानेवारी, रविवार, सकाळी ११

आज सकाळपासून आठ बायका. रविवार असल्यामुळे. ताजं लिंबू एकही उरलं नाही, सगळी उतरवण्यात गेली. अंड्यांचा कप्पा, दुधाचा कप्पा, लोण्याचा कप्पा, सगळीकडे लिंबं. म्हणजे आज काही जमायचं नाही. बिचारी प्रतिभा. तिला नाही म्हणून सांगावं लागणार. पिस्ता रंगाची साडी बॅगेतून काढून नेसले, निळी वाटेत नेसता येईल. घरातल्या वाटेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

ती चारला आली. केस पांढरे, आखूड कापलेले. चालणं तेच. खाली टॅक्सी उभी, टॅक्सीत वर्गातल्या तिघी. त्यांचे गुडघे जिने चढू देत नाहीत. प्रतिभा रंगनाथशी बोलली, सवितालाही भेटली. सविता आज चारला मुद्दाम आली होती, मी बोलावलं नव्हतं. मग माझ्यासमोर बसून प्रतिभानं हात पुढे केला. म्हणाली, दे.

मी म्हटलं, आधी चहा घेऊ.

ती म्हणाली, म्हणजे बॅग. आणि हसली. असं हसली की मला वाटलं, हिला सगळं आधीच माहीत आहे. दोन वर्षं माहीत आहे. आणि मग माझे पाय आपोआप स्वयंपाकघरात गेले आणि हात तांदळाच्या डब्यात. का, ते मला सांगता येणार नाही.

ओआरएस नव्हतं, म्हणून रंगनाथचं नागपुरी संत्रं पिळलं. लिंबं कप्प्यातली घेतली, उतरवलेली. आठवडाभर पडून मऊ झाली होती, नुसतं दाबलं तरी रस. मापं काढली नाहीत. तिच्याशी बोलता बोलता केली, सिस्टर बेनेडिक्टा वारल्या त्याबद्दल. कड मिठात एकदाच फिरवली.

प्रतिभानं घोट घेतला. मी तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे मिटले.

अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी जिंकले.

तेवढ्यात आतून वॉकरचा आवाज आला. रंगनाथ बेडरूममधून एक एक पाऊल टाकत येत होता आणि वॉकरनं बॅग पुढे ढकलत होता. पलंगाखालून कशी काढली देव जाणे. दहा मिनिटं तरी लागली असतील. बॅग त्यानं प्रतिभाच्या पायांपाशी आणून सोडली आणि दम खात उभा राहिला.

मी म्हटलं, अहो, ते इस्त्रीचे कपडे आहेत.

प्रतिभानं बॅगेकडे पाहिलं, मग ग्लासाकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, शैलू, नक्की?

मी म्हटलं, दर शनिवारी करते म्हटलं होतं ना.

ती म्हणाली, हो, म्हटलं होतंस खरं. इतकी चांगली मी ह्यूस्टनलाही प्यायले नाही. ग्लास संपवला. खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. तिनं मला जवळ घेतलं, दोन्ही गाल दाबले, शाळेत दाबायची तसे, आणि कबूल केल्याप्रमाणे पुन्हा काही विचारलं नाही. मी खिडकीतून बघितलं. टॅक्सीत एक जागा रिकामी होती, तिथे त्यांनी पर्स ठेवल्या.

रंगनाथ म्हणाला, बॅग. मी म्हटलं, हो, ठेवते.

अख्ख्या बिल्डिंगची दृष्ट प्रतिभाच्या पोटात गेली आहे. तिला बाधू नये. तिकडे हवा वेगळी आहे.

२० जानेवारी, सोमवार

बरं झालं. मला रिसॉर्ट आवडत नाहीतच. आणि मार्गारिटा जमली, हे कोणी नाकारू शकत नाही. कुठली वस्तू कुठे जायची त्याची यादी करायची आहे, आधी इथे कच्ची लिहून ठेवते.

टकीला उरली आहे ती महेशला. केक छान झाला म्हणून सांगावं. कांदे निम्मे सवितानं न्यावेत.

नवी चप्पल सविताला. एक नंबर मोठी आहे, पण तिला रोज चालायचं असतं.

टॉर्च मोहिनीला. नातू संध्याकाळी रडतो तेव्हा भिंतीवर उजेड नाचवावा. लिंबापेक्षा लवकर गुण येईल.

निळी साडी पूजाला, हळदीकुंकवाला वाण म्हणून. घडी मोडलेली नाही.

उरलेली लिंबं आणि कालच्या साली घंटागाडीत टाकाव्यात. सविता नाही म्हणेल. मग मोहिनीला सांगावं, तिठ्यावर नेऊन टाक.

नवा टूथब्रश बाथरूममध्ये ठेवावा. तिथे जागा आहे.

गोळ्यांचं वेळापत्रक काढू नये. ते मला पाठ आहे, पण राहू दे.

रंगनाथला आजपासून रोज एक संत्रं. कालचं त्याचं होतं.

बॅग रिकामी करून परत माळ्यावर.

ओट्यावर प्रतिभाचा ग्लास आहे, तो कोणी धुवू नये. तिनं अर्ध्याच कडेचं मीठ घेतलंय. उरलेली अर्धी कड माझी आहे.