तेवीस अंशांची खोली आणि माझी सही

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल. मामांची दाढ काढून झाली का? मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं तर एका खोलीने जीव नकोसा केलाय. (मास्तरीणबाई, तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं काढलंय.)

खोली आमच्या प्रयोगशाळेतली, न्हाणीघराएवढी. चाचणीला आलेले रबराचे तुकडे तिच्यात दिवसभर तेवीस अंशांवर मुरत ठेवायचे, मगच ओढून तोडायचे. नाहीतर गरम तुकडा एक सांगतो, गार दुसरंच. खोली खरंच तेवीसची आहे का, हे तपासून सही करणं माझं काम. (आपल्या घरात आजवर सगळ्यांनी अंगठेच उठवले. पहिली सही माझी, ती खोट्या आकड्याखाली कशी करू?) मला कायम करायचं की घालवायचं हे महिनाअखेर साहेब ठरवणार, आणि साहेबांना सही कालच हवी होती.

तर मी प्रत्येक कोपऱ्यात तारेचा तापमापक टांगला. दार उघडून डोकावलं की बाहेरची हवा शिरते, म्हणून स्टूल घेऊन आतच बसले. दारावरचा आकडा तेवीस, आणि माझ्या शेजारचा कोपरा पंचवीस! तापमापक बदलला, तरी पंचवीस. दुरुस्तीवाल्याने पंखा खोलला, दाराचं रबर बदललं आणि वर मलाच म्हणाला, "बाई, खोलीला काही झालेलं नाही, तुमच्या डोक्याचं बघा." साहेब म्हणाले, "दोन अंशांनी कुणी मरतं का?" मी दारावर लाल चिठ्ठी चिकटवली: वापरू नये. तेव्हापासून तुकड्यांचा ढीग माझ्या टेबलावर, गिऱ्हाइकांचे फोन माझ्या कानाशी, आणि बाकीचे जेवायला मला टाळून. पण मी हटलेले नाही.

तुझी, कुणापुढे न झुकणारी
भाची

ता. क. काल पोट बिघडलं म्हणून कामावर गेले नाही. दुरुस्तीवाल्याने तापमापक आतच ठेवून तारा दाराबाहेर ओढल्या आणि बाहेरूनच आकडे घेतले. सगळे कोपरे तेवीस. आत्या, तो कोपरा मीच तापवत होते गं!

आणखी ता. क. साहेबांनी कारण लेखी मागितलंय. लिहीनच, काही न लपवता. फक्त ते वाचताना साहेबांसमोर मी नसावं, एवढंच वाटतं. आत्या आजारी आहे म्हटलं तर चार दिवस रजा मिळेल, पण खोटं मला बोलवत नाही. (मास्तरीणबाई, हे मामा बाहेर गेल्यावर वाचा.) तेव्हा तुला खरोखरच थोडं आजारी पडता येईल का? साधी सर्दी चालेल.