माझ्या मागे चालणारी

प्रिय स्टार्च,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चार वर्षांतलं तिसरं. आधीच्या दोन्हींना मी उत्तर दिलं नाही, तरी तू पुन्हा लिहिलंस. मान ताठ म्हणून अख्ख्या लॉन्ड्रीने तुला स्टार्च नाव पाडलं, आणि तीच तू माझ्यापुढे वाकवलीस. विचारलंयस तेवढं सगळं सांगते. शेवटच्या ओळीत जे मागितलंयस त्याचं उत्तर मात्र शेवटीच देईन, राग मानू नकोस.

तर, हो, मी अ‍ॅब्लेशन करून घेतलं, त्याला चौदा महिने झाले. गर्भाशयाचं आतलं अस्तर जाळून टाकतात, पिशवी जागेवरच राहते. डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं तरी तुला काही कळलं नाही म्हणतेस; मलाही कळलं नव्हतं, नुसती मान हलवली होती. पहिले दोन दिवस पोटात पाळीसारख्या कळा येतात, गोळी घेतली की थांबतात. मग पाणी जायला लागतं. आधी लालसर, मग गुलाबी, मग नुसतंच. माझं तीन आठवडे चाललं, वाटलं आगीतून फुफाट्यात पडले. पहिल्या तीन-चार महिन्यांवरून काही ठरवू नकोस, तेव्हा पाळी कशीही येते. माझी दुसऱ्या महिन्यात डागापुरती आली आणि तिसऱ्यात चांगली चार दिवस ठाण मांडून बसली, मी कपाळावर हात मारला. पाचव्यापासून बंद. सगळ्यांची बंद होतेच असं नाही हं, बऱ्याच जणींची नुसती कमी होते, कुणाकुणाची काही वर्षांनी पुन्हा वाढतेही. आणि हे म्हणजे पाळी कायमची जाण्याचं वय आलं असं नव्हे. अंडाशय आपलं काम करतच असतात, त्यामुळे दर महिन्याला छाती दुखते, चिडचिड होते, फक्त कॅलेंडरवर खूण करायला काही नसतं. दिवस राहू शकतात, आणि राहिले तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा त्याची काळजी घ्यायचीच. मला तो प्रश्न नाही, तुझ्या घरी नवरा आहे म्हणून लिहिते. ताप आला, घाण वास आला, किंवा रक्त न जाता दर महिन्याला पोटात जोरात दुखायला लागलं, तर सहन करत बसू नकोस. तुला तेवढंच येतं, म्हणून बजावते.

ऑपरेशनच्या दिवशीची गंमत ऐक. फॉर्मवर 'सोबत कोण' असा रकाना होता. मी तुझं नाव लिहिलं आणि तुझा जुना नंबर दिला. नर्सने फोन लावला, म्हणाली हा नंबरच अस्तित्वात नाही. मी म्हटलं, येईल ती, वाटेत असेल. इतकं धडधडीत खोटं मी त्याआधी एकदाच बोलले होते. खाटेवर पडल्या पडल्या अंगाखालची चादर बघत होते. आपल्याच लॉन्ड्रीत धुतलेली. कोपऱ्यात रक्ताचा जुना डाग, कुणीतरी गरम पाण्यात घालून पक्का केलेला. रक्ताला गार पाणी, हे आपण दोघींनी किती जणींना सांगून घसा कोरडा केला! संध्याकाळी आपल्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांनी मळक्या चादरींच्या गाठोड्यांबरोबर मलाही उचललं आणि घरी सोडलं. कुलूप मीच उघडलं. चहा केला तोही सवयीने दोन कप, दुसरा ओतून दिला.

पाळी गेली पण सवय जात नाही बघ. अजून खुर्चीतून उठले की आधी खुर्चीकडे बघते. अजून हॉलमध्ये चालायला लागण्याआधी क्षणभर थांबते, मागे तुझी पावलं वाजतात का म्हणून. पांढरे युनिफॉर्म देणाऱ्याने कधी पाळी पाहिली नव्हती, असं तू म्हणायचीस. एकीने उठायचं, दुसरीने दोन पावलं मागे चालायचं. पाठीवर एक थाप म्हणजे सगळं साफ. खांदा धरला म्हणजे थांब. एकोणीस वर्षं. माझं तर वाहायचं नळासारखं. किती वेळा खांदा धरलास आणि स्वतःचा एप्रन सोडून माझ्या कमरेला बांधलास, त्याची गणती नाही. आता माझ्या मागे कुणी नसतं. गरजही नाही म्हणा. तरी पाठ थापेची वाट बघते.

आता तुझी शेवटची ओळ. लिहिलंयस की नवऱ्याला हे जमायचं नाही, ऑपरेशनला तूच ये, माझ्या मागे चालायला तुझ्याशिवाय कुणी नको. ही ओळ वाचली आणि चार दिवस पत्र एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. आठव तो दिवस. साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून मुकादम म्हणून तुझं नाव घेतलं. माझं घेतील असं मी धरून चालले होते. तू उठलीस, मी सवयीने मागे आले. आणि मला दिसलं, स्टार्च. दहा पावलांवरून डाग चहाचा की औषधाचा ते सांगणारी मी, तुझ्यापासून दोन पावलांवर होते. माझा हात तुझ्या खांद्याकडे गेलाही होता. मग मी एक थाप मारली. तू ताठ मानेने पन्नास-साठ माणसांसमोरून चालत गेलीस आणि इस्त्रीवाले हसायला लागले. आठ दिवसांत नोकरी सोडलीस, निघताना मलाच समजावलंस की वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्या थापेनंतर लागलं असणार. मी 'हो' म्हटलं. थाप रागाच्या भरात मारली गेली, पण तो 'हो' मी शांतपणे म्हटला. मग पत्रांना उत्तर कुठल्या तोंडाने देणार होते? बॅग भरून ठेवली आहे. हे सगळं कळल्यावरही मीच मागे असावं असं वाटलं, तर तारीख कळव. नाही कळवलीस तर मी समजून जाईन. पण मग फॉर्मवर दुसरं कुणाचं तरी नाव लिही, शेजारणीचं लिही, पण रकाना रिकामा सोडू नकोस. परत आल्यावर कुलूप आपल्यालाच उघडावं लागतं.

तुझी म्हणवून घेण्याची अजून आशा असलेली
बुडबुडी